नभोवाणीचा श्रोता : दैनंदिन श्रवण आणि मराठी वाङ्मयव्यवहार (१९२७–१९५७)

१

मराठी समीक्षेने नभोवाणीची दखलच घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. श्रुतिका, संगीतिका, नभोभाषण, भावगीत या प्रकारांची चर्चा वेळोवेळी झालेली आहे, आणि नभोवाणीसाठी कोणकोणत्या लेखकांनी लेखन केले, याच्या नोंदीही वाङ्मयेतिहासात सापडतात. तथापि ही सारी चर्चा लेखनाची आहे. श्रुतिका पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली की ती समीक्षेच्या कक्षेत येते; म्हणजे ती ऐकली जाण्याचे थांबून वाचली जाऊ लागली की मगच तिला वाङ्मय म्हणून अस्तित्व लाभते. तिचा ज्याच्यासाठी जन्म झाला तो श्रोता या व्यवहारात केवळ गृहीत धरला जातो. वाचककेंद्री समीक्षेचा परिचय मराठीला झाल्यानंतरही ही स्थिती फारशी पालटली नाही. त्या समीक्षेतील ‘वाचक’ या पदाच्या जागी ‘श्रोता’ हे पद ठेवले की काम भागते, अशी आपली समजूत दिसते.

ही समजूत तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वाचक पुस्तकाकडे स्वतःच्या सवडीने जातो. मधे थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. नभोवाणीच्या श्रोत्याला यांतील काहीही करता येत नाही. त्याला ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते, आणि ती वेळ टळली की संहिताच नाहीशी होते. या उणिवेची भरपाई एकाच गोष्टीने होते : उद्या त्याच वेळी पुन्हा काहीतरी ऐकू येणार असते. म्हणून नभोवाणीचे मूलभूत एकक स्वतंत्र कार्यक्रम हे नसून त्याची पुनरावृत्ती हे आहे, आणि नभोवाणीने मराठी वाङ्मयव्यवहारात जे बदल घडविले ते एखाद्या थोर श्रुतिकेने घडविले नसून रोजच्या ऐकण्याने घडविले आहेत, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी मुंबई केंद्राच्या आरंभापासून, म्हणजे १९२७ पासून, १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू होईपर्यंतचा सुमारे तीन दशकांचा काळ येथे विचारात घेतला आहे.

२

मुंबईच्या हौशी रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रक्षेपणाचे प्रयोग केले होते. परंतु नियमित प्रक्षेपण सुरू झाले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्रापासून. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती. त्या वर्षाच्या अखेरीस साऱ्या देशात ३,५९४ परवानाधारक होते. १९२९च्या अखेरीपर्यंत ही संख्या ७,७७५ झाली. संच बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपये परवाना-शुल्क द्यावे लागे, आणि कंपनीचे उत्पन्न मुख्यतः या शुल्कातील वाट्यावर आणि आयात संचांवरील आकारावर अवलंबून होते. एवढ्या थोड्या श्रोत्यांवर कंपनी तगणे शक्य नव्हते. मार्च १९३० मध्ये तिचे विसर्जन झाले आणि एप्रिलपासून प्रक्षेपण सरकारने हाती घेतले. १९३१च्या अखेरीस काटकसरीच्या कारणाने सरकारनेही ते बंद करण्याचे ठरविले होते. विरोध झाल्यावर हा निर्णय मागे घेण्यात आला, आणि मे १९३२ मध्ये प्रक्षेपण कायम चालू ठेवण्याचे निश्चित झाले.

हा तपशील संस्थात्मक इतिहासात नेहमी आढळतो. समीक्षेच्या दृष्टीने त्याला निराळे महत्त्व आहे. ‘रोज’ ही गोष्ट नभोवाणीला आपोआप लाभलेली नव्हती. पहिल्या पाच वर्षांत ती दोनदा धोक्यात आली. सवय जडण्यासाठी लागणारे सातत्य आधी राजकीय-आर्थिक निर्णयाने निर्माण करावे लागले, आणि त्यानंतरच श्रोता नावाची सामाजिक व्यक्ती घडू शकली.

तिची जी आकडेवारी उपलब्ध आहे ती परवान्यांची आहे, कानांची नाही. परवाना एका व्यक्तीच्या नावे असे. ऐकणारे मात्र घर, शेजार, चाळीचा सज्जा किंवा उपाहारगृह असे पसरलेले असत. आरंभीच्या स्फटिक-संचावर कानाला श्रवणयंत्र लावून एकट्यानेच ऐकावे लागे. ध्वनिवर्धकाचे संच आले तेव्हा ऐकणे सामायिक झाले, आणि कोणी काय ऐकायचे याचा निर्णय संचाच्या मालकाकडे गेला. वाचनाचा इतिहास सार्वजनिक पठणाकडून एकांतातील मूक वाचनाकडे गेला, असे आपण मानतो. नभोवाणीच्या श्रवणाचा प्रवास या काळात नेमका उलट दिशेने झालेला दिसतो. पुढे ट्रान्झिस्टरने ते पुन्हा एकट्याचे केले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ऐकण्यापूर्वी वाचणे आवश्यक होते. जुलै १९२७ मध्येच मुंबईहून ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमपत्रक सुरू झाले. १९३५च्या अखेरीस त्याचे नाव ‘द इंडियन लिसनर’ झाले. मुंबई केंद्राच्या एकाच वेळापत्रकात इंग्रजी, गुजराती, हिंदुस्थानी आणि मराठी या भाषांना आपापला वाटा मिळे. त्यामुळे मराठी श्रोत्याच्या दैनंदिन श्रवणात परभाषांच्या मधे आपल्या भाषेची वेळ शोधणे आणि तिची वाट पाहणे अंतर्भूत होते. वेळापत्रक ही त्याची पहिली संहिता होती, आणि ती इंग्रजीत छापलेली होती. या साध्या वस्तुस्थितीवरूनही तो श्रोता कोणत्या वर्गातील होता, याचा पुरेसा बोध होतो.

३

नभोवाणी म्हणजे आपल्या प्राचीन श्रवणपरंपरेचे यंत्रयुगातील रूप, अशी एक मांडणी वारंवार केली जाते. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे; चातुर्मासातील पुराण आणि देवळातील कीर्तन यांनी मराठी समाजाचे कान शतकानुशतके तयार केले; म्हणून नभोवाणी येथे सहज रुजली, असा या मांडणीचा आशय असतो. ती मोहक आहे, पण तिने भेद झाकले जातात.

कीर्तनकार श्रोत्यांना पाहत असतो. पूर्वरंगात श्रोते रेंगाळले की तो निरूपण आवरते घेतो, आख्यानात ते रंगले की विस्तार करतो. त्याच्या संहितेत श्रोत्याचा वाटा असतो. नभोवाणीवरील वक्त्याला श्रोता दिसत नाही, आणि श्रोता मधेच उठून गेला तरी कोणाचा अनादर होत नाही. दुसरे असे की कीर्तनाला जावे लागते. नभोवाणी घरात येते. जाण्याच्या क्रियेत कामातून मोकळे होणे अभिप्रेत असते. घरात आलेला आवाज मात्र काम चालू असतानाच ऐकला जातो. सकाळच्या बातम्या दाढी करताना, दुपारचे ‘वनिता मंडळ’ निवडणे-टिपणे चालू असताना आणि संध्याकाळचे गाणे स्वयंपाकघराच्या दारातून ऐकले गेले. ‘ऐकणे’ आणि ‘कानावर पडणे’ असे दोन निराळे प्रयोग मराठीत आहेत. परंपरेच्या लेखी त्यांतील पहिला श्रवण या नावास पात्र होता आणि दुसरा म्हणजे दुर्लक्ष. नभोवाणीने या दोहोंमध्ये एक तिसरी अवस्था रोजच्या सरावाची केली : हात कामात आणि कान बोलण्यात, असे विभागलेले अवधान. आपल्या रसचर्चेला अभिप्रेत असलेला सहृदय एकाग्र असतो. त्याची तन्मयता ही आस्वादाची अटच मानली जाते. अर्धवट अवधानाने आणि तरीही वर्षानुवर्षे निष्ठेने ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी आपल्या सौंदर्यविचारात शब्द नाही. तो नसल्यामुळेच त्याच्या आस्वादाला आपण हलका ठरवीत आलो.

तिसरा भेद भाषेचा आहे. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये ‘दुय्यम मौखिकता’ ही संकल्पना मांडली, ती येथे उपयोगी पडते. नभोवाणीवरील बोलणे लेखनावर आधारलेले असते. भाषण आधी लिहावे लागे, तपासून घ्यावे लागे, मिनिटांत बसवावे लागे आणि मग सहज बोलत असल्यासारखे वाचावे लागे. बोलल्यासारखे लिहिणे ही मराठी गद्याची जुनी आकांक्षा होती. नभोवाणीने तिला कालमर्यादेची शिस्त लावली. अनेक उपवाक्यांचे पल्लेदार निबंधवाक्य कानाला झेपत नाही. कर्ता आणि क्रियापद यांतील अंतर वाढले की श्रोता वाक्य हरवतो, आणि मागे जाऊन ते शोधण्याची सोय त्याला नसते. त्याचबरोबर रोज ऐकू येणारे निवेदकांचे उच्चार प्रमाण मराठीचा मापदंड ठरू लागले. ज्या घरांतून वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जात होती, तेथे पुस्तकांपलीकडची प्रमाण भाषा प्रथमच रोजच्या रोज, ठरलेल्या वेळी आणि आवाजाच्या रूपाने पोचली. नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाल्यावर हा प्रभाव अधिक पसरला. बोलींना नभोवाणीत स्थान मिळाले ते बहुधा ग्रामीण कार्यक्रमांत किंवा विनोदाच्या निमित्ताने. ही श्रेणीरचना कोणत्याही व्याकरणग्रंथापेक्षा अधिक परिणामकारक ठरली असावी, कारण ती शिकवली गेली नाही, सवयीने अंगवळणी पडली.

सवयीची ही सत्ता संगीताच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला साथीचे वाद्य म्हणून बंदी केली. मराठी रसिकाचा कान नाट्यसंगीतावर पोसलेला होता, आणि नाट्यसंगीत ऑर्गन-हार्मोनियमशिवाय कल्पिणेही त्याला कठीण होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्या वाद्याला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली होती. रंगमंदिरात आणि घरगुती बैठकीत पेटी चालूच राहिली. नभोवाणीवर मात्र तीस वर्षे ती साथीला नव्हती. एकाच श्रोत्याच्या कानात दोन ध्वनिविश्वे शेजारी शेजारी नांदू लागली. त्यांतील एक अभिजात आणि दुसरे लोकप्रिय, असा निवाडा प्रशासकीय आदेशाने केलेला होता.

४

दुसऱ्या महायुद्धाने दैनंदिन श्रवणाला निकड दिली. वृत्तपत्र उद्या सकाळी जे सांगणार ते आज रात्री ऐकता येत होते, आणि एकाच संचावर परस्परविरोधी सत्ये ऐकू येत होती. सरकारी बातम्या, लंडनच्या बातम्या आणि १९४२ पासून सुभाषचंद्र बोस यांचे आझाद हिंद प्रक्षेपण या सर्वांची तुलना करीत श्रोता स्वतःचा अर्थ लावू लागला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईतून भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवरून तो चालविला, आणि १२ नोव्हेंबर रोजी पोलिसांनी छापा घालेपर्यंत तो ऐकू येत राहिला. हे प्रक्षेपण ऐकणाऱ्याचे ऐकणे निष्क्रिय होते, असे कोणीही म्हणणार नाही. खुंटी किंचित फिरविणे ही त्या काळी राजकीय कृती होती, आणि आवाज हलका ठेवणे हा तिचा शिष्टाचार होता.

याच काळातील एक प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बी.बी.सी.ने १९४२ मध्ये लंडनहून मराठी प्रक्षेपण सुरू केले. त्यातील साप्ताहिक वार्तापत्रांचा इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्यांत, तेव्हा बी.बी.सी.च्या पौर्वात्य विभागात नोकरीस असलेले जॉर्ज ऑर्वेल होते. मजकुराचे भाषांतर होई आणि मराठी निवेदक तो वाची. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्या शब्दांचा कर्ता म्हणजे तो मराठी आवाजच. लेखक एक, भाषांतरकार दुसरा, वाचणारा तिसरा आणि जबाबदारी चौथ्या संस्थेची, अशी ही रचना नभोवाणीत अपवाद नसून नियम होती. लेखकाच्या मृत्यूची तात्त्विक घोषणा पुढे १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी केली. त्याआधी पाव शतक नभोवाणीचा श्रोता लेखकाविना ऐकत होता. पण त्यामुळे तो मुक्त झाला नाही, हेही तितकेच खरे. लेखकाच्या रिकाम्या जागी आवाज आला, आणि आवाजावरचा विश्वास हा लेखकावरील विश्वासापेक्षा चिकित्सेला अधिक अवघड असतो.

५

रोजच्या श्रवणाच्या दोन भिन्न शक्यता १९५५–५६ मध्ये पुणे केंद्रावर एकाच वेळी प्रत्ययास आल्या.

पहिली ‘गीतरामायणा’ची. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, सुरू झाली आणि १९ एप्रिल १९५६च्या रामनवमीला संपली. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत आणि शनिवारी-रविवारी त्याचेच पुनःप्रसारण, असा क्रम होता. मूळ योजना बावन्न गीतांची होती. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीते छप्पन्न झाली. केंद्राच्या आठवड्यावर पंचांगाने केलेली ही कुरघोडी अर्थपूर्ण आहे. वर्ष कोणते धरायचे, दिनदर्शिकेचे की रामनवमी ते रामनवमीचे, हा प्रश्न श्रोत्याच्या कालभावनेला अनुसरून सोडविला गेला. मालिका चालू असताना लोक संचाला हार घालीत, हात जोडून बसत, असे अनेक आठवणींतून सांगितले गेले आहे. या आठवणी नभोवाणीला कीर्तनाच्या चौकटीत परत नेऊ पाहतात. परंतु पुनःप्रसारण ही सोय कीर्तनात नव्हती. शुक्रवारी निसटलेले शनिवारी मिळते, आणि शनिवारी ऐकलेले रविवारी पाठ होते. गीते घरोघर मुखोद्गत झाली याचे श्रेय त्यांच्या काव्यगुणांइतकेच या तीन दिवसांच्या रचनेलाही दिले पाहिजे.

दुसरी शक्यता शेतकरी श्रोतृमंडळांची. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे केंद्राच्या क्षेत्रातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत हा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा मंडळाने एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या, आणि त्यांची उत्तरे पुढील प्रक्षेपणांतून मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाउल नॉयराथ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी वाढ झाली. मंडळ नसलेल्या गावांत ती नगण्य होती, मग तेथे रेडिओ असो वा नसो. या निष्कर्षाचे महत्त्व शेतीविकासापुरते नाही. संच असणे म्हणजे ऐकणे नव्हे. ऐकण्याला बोलण्याची जोड मिळाली तरच ते आकलनापर्यंत पोचते, असे तो सांगतो. नभोवाणीने श्रोत्याला बोलते करावे, अशी मागणी बर्टोल्ट ब्रेख्ट यांनी १९३२ मध्ये केली होती. ती अल्पकाळ का होईना पण प्रत्यक्षात आली ती पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या खेड्यांत. अर्थात मंडळाची बैठक गावात कोणाच्या जागेत भरे आणि त्या जागेत कोणाला बसता येई, हा प्रश्न उरतोच. आवाज भिंतीपलीकडे जातो. पण संच जिथे ठेवलेला असतो त्या ओसरीला आणि चावडीला आपापले नियम असतात.

१९५६च्या वसंतात हे दोन्ही कार्यक्रम एकाच केंद्रावरून चालू होते. एकात श्रोता ऐकून पाठ करीत होता, दुसऱ्यात ऐकून प्रश्न विचारीत होता. वाङ्मयेतिहासाने पहिला स्मरणात ठेवला आणि दुसरा समाजशास्त्रज्ञांच्या हवाली केला.

६

जो स्मरणात ठेवला तोही जसाच्या तसा नव्हे. ‘गीतरामायणा’ची आज आपल्यासमोर असलेली रूपे तीन : १९५७ मध्ये निघालेले पुस्तक, ध्वनिमुद्रिका आणि फडके यांनी रंगमंचावर सादर केलेले प्रयोग. नभोवाणीवरील मूळ मालिकेत भिन्न पात्रांची गीते भिन्न गायक-गायिकांनी गायिली होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर ही त्यांतील काही नावे. पुढे ती सारी गीते एकाच आवाजात लोकप्रिय झाली. म्हणजे बहुस्वरी नाट्यरचनेचे एकस्वरी आख्यान झाले. त्याशिवाय वर्षभर पसरलेली कथा दोन-तीन बैठकींत आटोपली. आपण ज्या ‘गीतरामायणा’ची समीक्षा करतो त्यात वाट पाहणे उरलेले नाही. १९५५च्या श्रोत्याला मात्र सीताहरणापर्यंत पोचण्यास महिने लागले होते. कथा त्याला आधीच ठाऊक होती, त्यामुळे उत्कंठा ‘पुढे काय’ याची नव्हती. ‘या वेळी कोणाचा आवाज, कोणती चाल’ याची होती. ही आस्वादाची निराळी जात आहे, आणि छापील संहितेवरून तिचा पत्ता लागत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. जे ध्वनिमुद्रित झाले नाही, ज्याच्या आस्वादाची नोंद नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा? आक्षेप रास्त आहे. त्या काळचे बहुतेक प्रक्षेपण थेट होते आणि ते हवेत विरून गेले. परंतु रोजच्या श्रवणाने आपल्या खुणा अन्यत्र सोडल्या आहेत. वेळापत्रके, परवान्यांची आकडेवारी, वाद्यावरील बंदीचा आदेश, अधिक मासामुळे वाढलेली चार गीते, श्रोतृमंडळांचे मूल्यमापन, या साऱ्यांत श्रोता अप्रत्यक्षपणे उपस्थित आहे. आकाशवाणीच्या परिभाषेत दिवसाच्या प्रत्येक प्रक्षेपणसत्राला ‘सभा’ म्हणतात, हाही एक पुरावाच. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात अखंड ‘प्रवाहा’ची कल्पना मांडली, पण आपल्या नभोवाणीचा आरंभकाळ प्रवाहाचा नव्हता. सभा सुरू होई, संपे, आणि मधे शांतता असे. श्रोत्याचा दिवस या शांततांनीही आखलेला होता. १९५७च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ आली, पुढे ट्रान्झिस्टर आला, आणि या शांतता क्रमाने आखूड होत गेल्या.

मराठी वाङ्मयाचा विसाव्या शतकातील इतिहास ग्रंथ आणि नियतकालिके यांच्या आधारे लिहिला गेला. त्यामुळे जे वाचू शकत होते आणि ज्यांना वाचनाची सवड होती, त्यांच्याच अभिरुचीला आपण मराठी अभिरुची मानले. दुपारच्या सभेत काम करता करता ऐकणारी गृहिणी आणि संध्याकाळी चावडीवर ऐकणारा निरक्षर शेतकरी यांनीही या भाषेतील काव्य, नाट्य आणि विचार ग्रहण केला. त्याबद्दल त्यांचे मत होते, आवडनिवड होती. ती वाङ्मयेतिहासाच्या बाहेर राहिली, कारण आपण पुरावा म्हणून केवळ कागद स्वीकारला आणि कागदावरही केवळ लेखकाची सही शोधली. वेळापत्रकाचे पान वाङ्मयाचे साधन म्हणून वाचण्याची तयारी असेल, तर या इतिहासाला आरंभ करता येईल. ती नसेल, तर निदान आपण लिहितो तो मराठी वाचकांचा इतिहास आहे, मराठी समाजाचा नव्हे, एवढे तरी स्पष्टपणे म्हटले पाहिजे.